दाताच्या मागे माणूस असतो

दंतवैद्याकडे निघालेला माणूस जिवाला धोका आहे असे समजून घराबाहेर पडत नाही. अर्ध्या दिवसाची रजा, दोन घास कमी आणि गालात कापसाचा बोळा, एवढीच त्याची तयारी असते. गंमत म्हणजे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याची समजूतही फारशी वेगळी नसते. आपल्याला दात बघायचे आहेत, हृदय नव्हे, असे त्याला मनातून वाटत असते. वास्तविक भूल देण्याची विद्या रुजविली ती याच व्यवसायाने. १८४४ साली होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. १८४६ साली विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने बोस्टनच्या रुग्णालयात ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले. ज्यांनी माणसाची शुद्ध हरपविण्याची युक्ती दिली, त्यांच्या वारसांना हरपलेली शुद्ध सांभाळता यायला नको काय?

मी दंत महाविद्यालयात मुखशल्यचिकित्सा शिकविते. आणीबाणीच्या प्रसंगीचे उपचार हा त्याचाच भाग. परीक्षेत मुले यावर उत्तम लिहितात. औषधाची जीवघेणी ॲलर्जी आली तर काय? मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलीन, एकास हजार प्रमाणाचे, अर्धा मिलीलिटर. पैकीच्या पैकी गुण. एकदा मात्र मी हीच मुले खुर्चीभोवती उभी केली, स्वतः रोगी होऊन बसले आणि बोलता बोलता मान टाकली. एक सहकारी घड्याळ लावून उभे होते. एकजण 'मॅडम, मॅडम' म्हणत माझे खांदे हलवीत राहिला. दुसरीने ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत आणला, पण तो उघडायची चावी कुठल्या खणात असते हे कोणालाच ठाऊक नव्हते. औषधांची पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मावशींकडे आणि मावशी चहाला. खुर्ची आडवी करण्याचे बटण दाबायला दीड मिनिट लागले. दवाखान्यात सर्वांत जास्त वेळा येते ती साधी भोवळ, आणि डोके खाली, पाय वर केले की बहुतेक रोगी सावरतात, हे त्या सर्वांनी वहीत लिहिलेले होते!

म्हणून हा विषय फळ्यावर कमी आणि खुर्चीभोवती जास्त शिकवायचा असतो. एकाने रोग्यापाशी थांबायचे, दुसऱ्याने पेटी आणि ऑक्सिजन आणायचा, तिसऱ्याने १०८ ला फोन करून पत्ता नीट सांगायचा. या तालमीला मावशीही हव्यातच. उद्या हा मुलगा एखाद्या तालुक्याच्या गावी दवाखाना थाटील, तेव्हा त्याच्या हाताशी बहुधा एक मावशीच असतील.

छाती दाबण्याचा सराव बाहुलीवर करतात. अशी बाहुली १९६० साली प्रथम तयार केली ती नॉर्वेतील खेळणी बनविणाऱ्या आस्मुंड लेर्डाल यांनी. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. सुरुवातीला मुले बाहुलीला दुखेल अशा बेताने हळुवार दाबतात. नेमाने दाबू लागली की दोन मिनिटांत दंड भरून येतात. मग कळते, हे एकट्याचे काम नव्हे.

पण पुष्कळशा आणीबाण्या टळतात त्या साध्या प्रश्नांनी. 'सकाळी काय खाल्लंत?' दाढ काढायला उपाशीपोटी जावे, असा आपल्याकडे समज आहे. मधुमेही आजोबा गोळी घेतात आणि नाश्ता टाळतात. त्यात एकादशी असली तर विचारूच नका! त्यांना घाम फुटला, बोलणे असंबद्ध झाले, तर ती भीती म्हणून सोडून द्यायची नाही. साखर उतरलेली असू शकते. शुद्धीवर असतील तर साखरपाणी द्यायचे. बेशुद्ध असतील तर तोंडात थेंबही घालायचा नाही. दमेकऱ्याला धाप लागली तर आडवे न करता बसवायचे. दिवस भरत आलेल्या गर्भवतीला उताणे न ठेवता डाव्या कुशीकडे कलते करायचे. फीट आली तर तोंडात चमचा कोंबायचा नाही, उलट तोंडातली हत्यारे आधी बाहेर काढायची. कांदा आणि चप्पल तर नकोच.

एका विद्यार्थ्याने विचारले, 'मॅडम, वीस वर्षांत एकदा येणाऱ्या प्रसंगासाठी एवढा खटाटोप?' मी म्हटले, 'एकदाच येतो म्हणूनच. रोज दाढा काढून हात आपोआप तयार होतो. जे रोज घडत नाही, त्याला सरावाशिवाय दुसरा गुरू नाही. आणि त्या दिवशी पुस्तक उघडायला सवड नसते.'

वाचकांनाही एक विनंती. दंतवैद्याने रक्तदाब, औषधे, जेवणखाण यांची चौकशी केली तर 'तुम्ही दाताचं बघा ना' म्हणून वैतागू नका. रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेवा. त्याने विचारले नाही, तर आपणहून सांगा.