कोड्यातून कळवलेला आजार

‘नदी उलटली की गरीब’, दोन चौकोन. उत्तर: दीन. ‘गरीब’ हा अर्थ आणि ‘नदी उलटली’ हा शब्दखेळ. इंग्रजीतल्या गूढ शब्दकोड्याच्या बहुतेक सूत्रांत हे दोन भाग असतात.

संकल्पनाधारित कोड्यात गुंता वाढतो. अनेक उत्तरे एकाच विषयाची असतात आणि सूत्रे एकमेकांच्या क्रमांकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी आधी सुटी, स्वतंत्र सूत्रे सोडवावीत. त्यांची अक्षरे आडव्या-उभ्या ओळींत बसली, की विषय उघडू लागतो.

ब्रिटनच्या ‘गार्डियन’मध्ये ‘अराउकारिया’ या टोपणनावाने कोडी रचणारे धर्मगुरू जॉन ग्रॅहम या प्रकारातले थोर रचनाकार. जानेवारी 2013 मधल्या त्यांच्या कोड्याच्या वर एक टीप होती: अराउकारियाला अमुक क्रमांकाच्या जागी तमुक क्रमांकाचे दुखणे आहे. सोडवणाऱ्यांनी चौकोन भरले आणि शब्द उमटले: कर्करोग, अन्ननलिका. एंडोस्कोपी, स्टेंट, परिचारिका हेही त्याच जाळ्यात होते. वाचकांशी अर्धशतकाहून अधिक काळ ज्या भाषेत बोलले, त्याच भाषेत त्यांनी ही बातमी दिली, हे फार हृद्य आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, 92 व्या वर्षी ते गेले.