साक्ष मराठीत, नोंद कन्नडात: सही करण्याआधी

आमच्या एका सभासदाचा मुलगा अमेरिकेत असतो. आजीची साक्ष निघाली तेव्हा त्याने फोनवर विचारले, ‘तिथे चांगला कोर्ट रिपोर्टर आपल्या खर्चाने लावता येईल का?’ तिकडे ते शक्य आहे. साक्षीचा प्रत्येक शब्द खास यंत्रावर टिपून घेणारा प्रशिक्षित माणूस असतो आणि कोर्टाबाहेरच्या जबानीसाठी त्याला वकीलच बोलावतात. इकडे निपाणी, चिकोडी, खानापूर किंवा बेळगावच्या कोर्टात असा माणूस पक्षकाराला नेमता येत नाही. लिहून घेणारा स्टेनो किंवा टंकलेखक कोर्टाचाच नोकर असतो.

आपल्याकडे साक्ष शब्दशः लिहिलीही जात नाही. वकील प्रश्न विचारतात, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश ते ऐकून मजकूर सांगतात आणि टंकलेखक तो टाइप करतो. प्रश्न बहुधा गळतो आणि उरते ते सलग निवेदन: ‘मी अमुक केले, अमुक म्हणणे खरे नाही.’ आपल्या भागात त्यात आणखी एक पायरी येते. साक्षीदार मराठी बोलतो आणि कागद कन्नडात किंवा इंग्रजीत तयार होतो. न्यायाधीश बदलून येतात. काहींना मराठी चांगली समजते, काहींना नाही. मग वकील किंवा बेंच क्लार्क दोन शब्दांत अर्थ सांगतात आणि काम पुढे सरकते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण रोजच्या गर्दीत शब्द निसटतात.

त्या आजींचेच घ्या. दावा वहिवाटीचा होता. त्या म्हणाल्या, ‘जमीन आमचे मालकच कसत होते.’ आपल्याकडच्या कुणालाही कळेल की आजी नवऱ्याबद्दल बोलत आहेत. त्या पिढीतल्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. कागदावर उतरले ते असे: जमीन मालक स्वतः कसत होता. म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा, त्याच्याच बाजूने आजींनी साक्ष दिल्यासारखे झाले. त्यांनी अंगठा उठवला आणि त्या घरी आल्या. नक्कल मिळाल्यावर सुनेने ती कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून वाचून घेतली, तेव्हा घोटाळा कळला. वकिलांनी साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज दिला, समोरच्यांनी हरकत घेतली, तारखांवर तारखा पडल्या. अखेर आजी पुन्हा उभ्या राहिल्या आणि या वेळी नवऱ्याचे नाव घेऊन बोलल्या. ऐंशीच्या घरातल्या बाईला हे किती जड गेले असेल, ते आम्ही सांगायला नको.

असे शब्द आणखी आहेत. ‘जमीन घेतली’ म्हणजे विकत घेतली की वाट्याने करायला घेतली? ‘भाऊ’ म्हणजे सख्खा की चुलत? वयस्कर माणूस एकटाच गेला असला तरी ‘आम्ही गेलो’ म्हणतो, आणि कागदावर दोन-चार माणसे गेल्याचे होते. सगळ्यांत फसवे म्हणजे नकारार्थी प्रश्नाचे उत्तर. ‘तुम्ही तेव्हा तिथे नव्हता ना?’ याला ‘नाही’ म्हटले, तर ‘नव्हतो’ असा अर्थ घ्यायचा की ‘तसे नाही, होतो’ असा? म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो की हो-नाहीवर थांबू नका, पूर्ण वाक्य बोला: ‘मी तिथे होतो.’ नात्याच्या माणसाचा उल्लेख करताना नाव घ्या, निदान ‘माझा नवरा’, ‘माझ्या चुलत्याचा मुलगा’ असे स्पष्ट म्हणा.

कायदा याबाबतीत आपल्या बाजूचा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ मधला नियम ६ सांगतो की साक्ष दिली त्यापेक्षा वेगळ्या भाषेत ती लिहिली असेल आणि साक्षीदाराला ती भाषा समजत नसेल, तर लिहिलेले त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजे. त्याच आदेशाच्या नियम १० प्रमाणे एखादा प्रश्न आणि त्याचे उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे, अशी विनंती वकील करू शकतात. त्यासाठी तसे खास कारण मात्र दाखवावे लागते. शब्दावरून वाद होईल असे वाटले, तर वकिलांना आधीच सांगून ठेवावे. फौजदारी खटल्यात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ३१२ आणि ३१३ पाहावीत. ३१२ प्रमाणे, शक्य असेल तर साक्ष ती दिली त्याच भाषेत लिहिता येते. नसेल तर खरे भाषांतर करावे लागते. ३१३ प्रमाणे साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. तो एखाद्या भागाला चूक म्हणाला, तर न्यायाधीश दुरुस्ती करतात किंवा निदान त्याची हरकत नोंदवतात. ती नोंदसुद्धा पुढे उपयोगी पडते. अपिलात, अगदी धारवाड खंडपीठापर्यंत गेले तरी, साक्षीदार सहसा पुन्हा उभा राहत नाही. तिथे हा कागदच वाचला जातो.

म्हणून कागद पुढे आला की, ‘साहेब, मला ही भाषा वाचता येत नाही, मराठीत सांगावे,’ एवढे नम्रपणे म्हणावे. त्यात कोर्टाचा अवमान होत नाही. आपली माणसे संकोचतात, उशीर झालेला असतो, मागे दहा प्रकरणे थांबलेली असतात, हे सगळे आम्हाला ठाऊक आहे. तरी म्हणावे.

दिवाणी दाव्यात धोका साक्षीच्या पिंजऱ्यात चढण्याआधीच सुरू होतो. सरतपासणी आता बहुधा प्रतिज्ञापत्रावर होते आणि ते वकिलांच्या कचेरीत कन्नडात किंवा इंग्रजीत तयार होते. उलटतपासणीत त्यातल्याच ओळी तुमच्यावर उलटवल्या जातात. सही करण्याआधी ते परिच्छेदवार मराठीत ऐका, घरातले एखादे शिकलेले माणूस सोबत न्या. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबाची गोष्ट वेगळी आहे, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते.

दुभाषा मिळतो का? मिळू शकतो. वकिलांनी वेळेत अर्ज द्यावा. दुभाष्यालाही साक्षीदारासारखीच शपथ घ्यावी लागते, त्यामुळे दोन्हीकडचा कुणी नातेवाईक पुढे करू नये. साक्षीदार आजारी असेल, तर कोर्ट कमिशनर नेमून घरी साक्ष घेता येते. त्याची फी कोर्ट ठरवते आणि ती पक्षकाराला भरावी लागते. खर्चाने भाड्याने घेण्याच्या सर्वांत जवळ जाणारी सोय इथे एवढीच आहे. वकील परवडत नसेल, तर तालुका कायदे सेवा समितीकडे जावे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक लिहून ठेवा.

साक्ष झाल्यावर नकलेचा अर्ज लगेच टाका. महिन्यांनी चूक दाखवली, तर समोरचे म्हणणार की आता सुचले.

जुन्या कागदांबद्दलही बरेच जण विचारतात. आपला भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे घरोघरी मराठी, आणि त्याहून जुनी मोडी, वाटणीपत्रे व खरेदीखते सापडतात. कोर्टात दाखल करताना त्यांचे भाषांतर जोडावे लागते आणि मोडी चुकीची वाचली गेली तर भाषांतरही चुकते. मंडळात मोडी वाचणारे दोन ज्येष्ठ सभासद आहेत. ते भाषांतराचा दाखला देत नाहीत, पण कागदात काय आहे ते सांगतील. येताना झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच कपाटात राहू द्या.