स्मृतिभ्रंशाचे रोगी आणि निवासाची सोय

घरांतील वडील माणूस पोटच्या मुलास ‘आपण कोठले?’ असें विचारूं लागलें, किंवा जेवून उठल्यावर पुन्हां पान मागूं लागलें, म्हणजे ‘वय झालें’ असें म्हणून पुष्कळ कुटुंबांत गोष्ट तेथेंच सोडून देतात. ही समजूत बरोबर नाहीं. स्मृतिभ्रंश हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत क्रोधाच्या परिणामांविषयीं आला आहे. येथें तो मेंदूच्या विकाराचा वाचक आहे. त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार अलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०६ सालीं प्रथम विद्वानांपुढें मांडला. तो समूळ बरा करणारें औषध अद्याप नाहीं. म्हणून शुश्रूषेचें महत्त्व फार.

ही शुश्रूषा करतो कोण? एकत्र कुटुंब कितीही मोठें असो, हें काम बहुधा एकट्या सुनेच्या वांट्यास येतें. रोगी अपरात्रीं कडी काढून बाहेर पडतो, चोरीचा आळ घेतो, वस्त्रांचें भान विसरतो. वर्षानुवर्षें जागरण करणारी ती बाई अखेर स्वतःच अंथरूण धरते. ‘लोक काय म्हणतील’ म्हणणारे लोक रात्रीं जागावयास येत नाहींत, हें आम्हांस स्पष्ट सांगावेंसें वाटतें.

सोयीच्या पायऱ्या आहेत. प्रथम घरीं मदतनीस. नंतर दिवसापुरतें सांभाळणारें केंद्र. मग कांहीं आठवड्यांचा निवास. आणि शेवटीं कायमचें निवासगृह. साधा वृद्धाश्रम आणि हें निवासगृह एक नव्हे. पुष्कळ वृद्धाश्रम असे रोगी घेतच नाहींत. आपल्याकडील २००७ च्या कायद्यांत जिल्ह्यागणिक वृद्धाश्रमाची तरतूद आहे, परंतु ती निराधारांसाठीं.

हॉलंडांत वेस्प येथें २००९ सालीं ‘होगेवाइक’ ही वस्ती उभी राहिली. तेथें सहा-सात रोगी एका घरांत राहतात. स्वयंपाक घरांतच होतो. आवारांत दुकान, उपाहारगृह, नाट्यगृह आहे. रोगी आंत मोकळे हिंडतात, पहारा फक्त बाहेरच्या दाराशीं. खर्चाचा मोठा भार सरकार उचलतें. आपल्याकडे तो बहुतेक कुटुंबावरच पडतो, हा भेद ध्यानांत ठेवावा.

निवासगृह निवडतांना इमारतीचा थाट पाहूं नये. रात्रीं किती माणसें जागीं असतात? रोग्यास बांधून किंवा गुंगीचें औषध देऊन तर ठेवीत नाहींत ना? मराठी बोलणारें कोणी आहे काय? पुढील अवस्थेंतही ठेवून घेतील काय? हे प्रश्न विचारावे, आणि न कळवितां दोनदां जाऊन पाहावें.

आईबापांची सेवा हा आपला धर्म खराच. पण सेवा म्हणजे त्यांस सुरक्षित, स्वच्छ व सन्मानानें ठेवणें. तें घरीं साधत असेल तर उत्तमच. न साधेल तेथें योग्य स्थळीं ठेवून नेमानें भेटावयास जाणें हा त्याग नव्हे. त्यांस आपलें नांव आठवलें नाहीं, तरी हातांत घेतलेला हात त्यांस कळतो.