चिठ्ठीवरचे नाव

गेल्या वर्षी माझ्या आईला तीन दिवस चक्कर येत होती. रक्तदाब फार खाली गेला होता. गोळ्यांचा डबा उलटा केला तेव्हा कारण सापडले. आमच्या तालुक्याच्या गावातील डॉक्टरांनी चिठ्ठीवर नवी गोळी लिहिली होती आणि आई जुनीही घेत होती. पाकिटे वेगळी, रंग वेगळे, नावे वेगळी; आत घटक एकच, टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम. नाव का बदलले, या प्रश्नातून हा शोध सुरू झाला.

एकच औषध आपल्याकडे अनेक कंपन्या अनेक नावांनी विकतात. नाव डॉक्टर निवडतो, पैसे रुग्ण देतो. त्यामुळे कंपन्यांची चढाओढ किमतीपेक्षा डॉक्टरच्या पेनासाठी जास्त असते. दुपारी दवाखान्याबाहेर बॅग घेऊन थांबलेले एमआर हे या चढाओढीतले पायदळ. डॉक्टरांना भेटून झाले की ते शेजारच्या मेडिकलमध्ये डोकावतात आणि कोणाच्या चिठ्ठीवर किती माल गेला याचा अंदाज घेतात.

या व्यवहारावर डॉक्टरांनीच बोलायला सुरुवात केली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांना 2013 मध्ये एका निदान केंद्राकडून 1,200 रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो खिशात न घालता तक्रार केली. डॉ. अरुण गद्रे यांनी 78 डॉक्टरांशी बोलून ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’ हे पुस्तक लिहिले.

नियम नाहीत असे नाही. मेडिकल कौन्सिलने डिसेंबर 2009 मध्ये डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी व प्रवासखर्च घेण्यास मनाई केली. पण तो नियम डॉक्टरांवर होता, देणाऱ्या कंपनीवर नव्हता. आणि डॉक्टरांतही आधुनिक वैद्यकाच्या नोंदणीतल्यांपुरताच. आपल्या खेड्यांत पहिली चिठ्ठी पुष्कळदा बीएएमएस डॉक्टर लिहितात, ते त्याच्या कक्षेबाहेर.

देणाऱ्याला चाप बसला तो आयकराच्या वाटेने. झिंकोव्हिट बनवणाऱ्या एपेक्स लॅबोरेटरीजने डॉक्टरांना दिलेल्या भेटींसह सुमारे 4 कोटी 72 लाख रुपये धंद्याचा खर्च म्हणून दाखवले होते. 22 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटींवर करसवलत नाकारली. भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत मिसळतो, हेही न्यायालयाने नोंदवले.

मार्च 2024 मध्ये केंद्राने औषध विपणनाची नवी संहिता आणली. भेटवस्तू बंद, व्याख्यात्यांखेरीज इतर डॉक्टरांचा प्रवास आणि हॉटेल बंद; नमुने एका औषधाची वर्षाला 12 पाकिटे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अ‍ॅबव्ही कंपनीला 30 डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोला नेल्याबद्दल ठपका मिळाला. खर्च 1 कोटी 91 लाख रुपये. पण तक्रार आधी जाते कंपन्यांच्याच संघटनेच्या समितीकडे, तीही 1,000 रुपये भरून. परंडा किंवा लोहाऱ्याचा रुग्ण ती कशी करणार? त्याच्या हाती पुरावा कुठला?

माझेही तेच झाले. आईच्या डॉक्टरांनी काही घेतले, असा माझ्याकडे पुरावा नाही. नाव बदलायला साधे कारणही असू शकते. दुकानात जुना माल नसेल. पण त्यांनी काही घेतले नाही, हे दाखवायलाही साधन नाही. अमेरिकेत 2010 च्या कायद्याने कंपन्यांना डॉक्टरांना दिलेल्या रकमा कळवाव्या लागतात, आणि 2014 पासून त्या कोणालाही डॉक्टरच्या नावाने पाहता येतात. आपल्याकडे अशी उघडी नोंदवही नाही. त्यामुळे घेणारा झाकला जातो आणि न घेणारा संशयात राहतो. प्रामाणिक डॉक्टरचे नुकसान यात रुग्णाइतकेच आहे.

धाराशिव 2018 पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथे महिन्याच्या औषधांतले शंभर-दोनशे रुपये वाचणे म्हणजे पुढच्या महिन्याची गोळी न चुकणे. नोंदवही येईल तेव्हा येईल. तोवर पाकिटावरच्या मोठ्या नावाखालची बारीक अक्षरे वाचावीत आणि दोन पाकिटांवर ती सारखी दिसली, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आईच्या डब्यावर मी आता घटकाचेच नाव लिहितो.