बारदानात दडलेला कर

कांदा, धान्य, पशुखाद्य वा रसायने यांचा व्यापार करणाऱ्या पेढीवर मालाचा भाव दिवसातून अनेकदा विचारला जातो. बारदानाचा भाव मात्र हंगामाच्या आरंभी एकदा ठरतो आणि पुढे विस्मरणात जातो. खातेवहीत 'बारदान खर्च' ही एक लहानशी ओळ असते. तथापि गेल्या काही वर्षांत या ओळीवर दूरच्या निर्णयांचा इतका भार पडला आहे, की नाशिक जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबांनी तिच्याकडे लक्षपूर्वक पाहणे अगत्याचे झाले आहे. आयातशुल्क आयातदारच भरतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ज्याने परदेशातून काडीही मागवली नाही, तोही ते गोणीच्या भावातून भरत असतो.

तागाची फाळणी

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कांदा ट्रॅक्टरमधून सुटा येतो. लिलाव झाला, की व्यापाऱ्याच्या खळ्यावर त्याची निवड होते आणि तेथेच तो गोणीत भरला जातो. कांद्याला हवा लागते, म्हणून तागाची गोणी त्याला मानवते. अलीकडे तिच्या जोडीला प्लास्टिकची जाळीदार गोणी आली आहे.

तागाचा इतिहास फाळणीशी जोडलेला आहे. 1947 मध्ये गिरण्या हुगळीच्या काठी भारतात राहिल्या, तर ताग पिकवणारा बहुतांश प्रदेश पूर्व बंगालात गेला. 1949 मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. दोन्ही देशांतील व्यापार खुंटला आणि गिरण्या कच्च्या मालाला पारख्या झाल्या. पुढे भारतात तागाची लागवड वाढली आणि बांगलादेशातही गिरण्या उभ्या राहिल्या. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारानुसार बांगलादेशी गोण्या मूळ सीमाशुल्काविना भारतात येऊ लागल्या.

त्या स्वस्त मालामुळे आपले नुकसान होते, अशी तक्रार भारतीय गिरण्यांनी केली. चौकशीअंती 5 जानेवारी 2017 रोजी केंद्र सरकारने बांगलादेश व नेपाळ येथील तागाचे सूत, कापड आणि गोण्या यांवर अँटी-डम्पिंग शुल्क बसवले. उत्पादक व वस्तू यांनुसार ते टनामागे 6.30 ते 351.72 डॉलर इतके होते. मग गोण्यांऐवजी गोण्यांचे कापड आणून ते येथे शिवण्याचा मार्ग निघाला. 2019 मध्ये बांगलादेशातील त्या कापडावरही शुल्क आले. 2022 च्या अखेरीस या शुल्काची मुदत आणखी पाच वर्षांनी वाढली. ऑगस्ट 2025 मध्ये तर बांगलादेशातील तागाच्या गोण्या भूमार्गाने आणण्यास मनाई झाली आणि न्हावा शेवा हे एकच बंदर मोकळे राहिले. नाशिकहून ते काही तासांच्या अंतरावर आहे. परंतु बंगालची सीमा ओलांडून येणारा माल समुद्राने अर्धा भारत वळसा घालून आणायचा, तर वेळ आणि भाडे दोन्ही वाढणारच.

या धोरणामागे बंगालमधील ताग उत्पादक शेतकरी आणि गिरणी कामगार यांच्या उपजीविकेचा प्रश्न आहे, हे नाकारता येणार नाही. मात्र त्या संरक्षणाचा खर्च गोणी विकत घेणारा सोसतो, हेही तितकेच खरे.

शुल्क खळ्यापर्यंत कसे पोहोचते?

आयात माल शुल्कासह ज्या भावात पडतो, तो देशी विक्रेत्यासाठी जणू छत असतो. छत उंचावले, की देशी भावालाही वर सरकण्यास जागा मिळते. शिवाय 1987 च्या ताग पॅकेजिंग कायद्यान्वये सरकार अन्नधान्यासाठी तागाची गोणी सक्तीची करते. गिरण्यांचा सर्वांत मोठा ग्राहक सरकारच आहे. सरकारी मागणी वाढली, की खासगी व्यापाऱ्याच्या वाट्याचा माल आटतो. अँटी-डम्पिंग शुल्क डॉलरमध्ये ठरलेले असल्याने रुपया घसरला तरी त्याचा बोजा वाढतो.

प्लास्टिक गोणी आणि जम्बो बॅग यांचेही असेच आहे. त्या ज्या पॉलीप्रॉपिलीनपासून विणल्या जातात, त्यावर साडेसात टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार धरला, तर शंभर रुपयांच्या दाण्यावर सव्वाआठ रुपये चढतात. सातपूर, अंबड, सिन्नर येथील कारखान्यांना लागणारे लोखंडी पिंप पोलादी पत्र्याचे असते. 21 एप्रिल 2025 पासून पोलादाच्या सपाट उत्पादनांवर 12 टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लागू झाले. तेव्हा पिंप देशात बनले, तरी शुल्काची छाया त्याच्या किमतीवर पडते.

परत मिळणारा आणि न मिळणारा कर

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. आयातीवरील एकात्मिक जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळते. मूळ सीमाशुल्क, अधिभार आणि अँटी-डम्पिंग शुल्क यांचे मिळत नाही. ते किमतीला कायमचे चिकटतात. करपात्र माल विकणाऱ्या कारखानदाराला पॅकिंगवरील जीएसटी तरी वळता करून घेता येतो. ताजा कांदा मात्र करमुक्त आहे. म्हणून देशांतर्गत कांदा व्यापाऱ्याला गोणीवरील जीएसटीही परत मिळत नाही. विणलेल्या प्लास्टिक गोणीवर 1 जानेवारी 2020 पासून हा कर 18 टक्के झाला. निर्यातदाराला मात्र नियमांनुसार परताव्याची मागणी करता येते.

गोणीमागे पाच रुपये वाढले असे समजू. पन्नास किलोच्या गोणीत ही वाढ किलोमागे दहा पैसे होते. वीस टनांच्या एका ट्रकला चारशे गोण्या, म्हणजे दोन हजार रुपये. हंगामात शंभर ट्रक रवाना करणाऱ्या पेढीचे दोन लाख रुपये असे नकळत जातात.

वहीतील शिस्त

उपाय जुन्याच व्यापारी शिस्तीत आहेत. बारदानाचे दरपत्रक घेताना मूळ किंमत, जीएसटी आणि भाडे वेगळे मागावे. माल आयात आहे की देशी, हे लेखी घ्यावे. वस्तुविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 64-अ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल, तर सौदा झाल्यानंतर त्या मालावरील सीमाशुल्क वाढल्यास विक्रेता तो फरक मागू शकतो, आणि शुल्क घटल्यास खरेदीदार तेवढी रक्कम कापून घेऊ शकतो. पहिला अर्धा भाग विक्रेते सांगतात. दुसरा आपणच स्मरणात ठेवावा.

भाववाढीच्या भीतीने गोण्यांचा मोठा साठा करणेही शहाणपणाचे नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क आले, 8 डिसेंबरला निर्यातबंदी झाली. 4 मे 2024 रोजी बंदी उठली, तरी शुल्क संपूर्ण हटण्यास 1 एप्रिल 2025 उजाडला. निर्यात अशी अकस्मात थांबली, की परदेशी ग्राहकाच्या नावाने छापलेले बारदान पडून राहते आणि त्यात भांडवल अडकते. साधी, कोठेही वापरता येणारी गोणी थोडी जास्त आणि छापील गोणी मागणीपुरतीच ठेवणे हिताचे.

बांगलादेश हा नाशिकच्या कांद्याचा जुना ग्राहक आणि तागाच्या गोणीचा मोठा उत्पादक. एकाच शेजाऱ्याशी होणाऱ्या या दोन व्यवहारांवर दोन वेगवेगळी शुल्के येतात आणि जातात. ती ठरवणे आपल्या हाती नाही. सौदा करण्यापूर्वी ती हिशेबात धरणे मात्र नक्कीच आहे. येत्या हंगामाचे दर ठरवताना 'बारदान खर्च' ही ओळ शेवटी न लिहिता आरंभी लिहावी.