कुडी चीन : बँकॉकमधले फिरंगी शेजारी

पोर्तुगीज म्हटलं की मराठी माणसाला वसईचा किल्ला आणि चिमाजी आप्पा आठवतात, गोव्यातलं इन्क्विझिशन आठवतं. फिरंगी म्हणजे राज्यकर्ता, आणि तोही धर्मवेडा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. बँकॉकला चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर, थोनबुरीत, कुडी चीन नावाची वस्ती आहे. तिथले फिरंगी मात्र चाकरीला आले आणि शेजारी होऊन राहिले.

1510 साली गोवा घेतल्यावर पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कनं 1511 मध्ये मलाक्काही घेतलं आणि त्याच वर्षी दुआर्त फर्नांडिसला सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, दरबारी, राजधानी अयुथ्थयाला, वकील म्हणून धाडलं. राजाला बंदुका हव्या होत्या, त्या चालवणारी माणसंही हवी होती. राजधानीबाहेर नदीकाठी पोर्तुगीज वस्ती उभी राहिली. लग्नं तिथल्याच बायकांशी झाली, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांत चेहरे सयामी झाले. टिकला तो धर्म.

1767 मध्ये ब्रह्मी फौजांनी अयुथ्थया जाळलं. राजा ताकसिननं थोनबुरीला नवी राजधानी वसवली आणि 1769 मध्ये पोर्तुगीज वस्तीतल्या कॅथलिक लोकांना नदीकाठची जमीन दिली. दिवस होता 14 सप्टेंबर, म्हणजे पवित्र क्रुसाचा सण. म्हणून चर्चचं नाव सांता क्रूझ. पहिलं चर्च लाकडी होतं. आज दिसतं ते तिसरं, 1916 साली पुरं झालेलं, घुमटाचं. धर्मगुरू फ्रेंच, तर मंडळी पोर्तुगीज परंपरेची, त्यामुळे खटके उडालेच. काही कुटुंबं वैतागून नदीपलीकडे गेली. कालावारचं होली रोझरी चर्च त्यांचं. भाऊबंदकी फक्त आपल्याकडेच असते असं नाही!

चर्चमागच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला चिकटायचं. दारावर क्रूस, खिडकीत येशू-मारियाच्या तसबिरी, आणि बोलणं निव्वळ थाई. पोर्तुगीज भाषा केव्हाच गेली. मग उरलं काय? माझ्या मते, सगळ्यात भक्कम पुरावा भट्टीत आहे.

‘खनोम फरांग’ म्हणजे फिरंगी केक. साहित्य तीनच : बदकाची अंडी, साखर, गव्हाचं पीठ. लोणी नाही, दूध नाही, सोडा नाही. अंडी आणि साखर इतकी फेटायची की तेवढ्या हवेवरच केक फुगावा. मग साचे भरायचे आणि खाली-वर निखारे ठेवून भाजायचे. जुन्या रीतीचा केक असाच होतो. वर बेदाणे, सुकवलेलं पर्सिमन आणि कोहळ्याचा पेठा. हे शेवटचे दोन चिनी शेजाऱ्यांचे. वरून कडक, साखरेनं कुरकुरीत; आतून मऊ, जरा कोरडा. सोबत चहा हवाच. आज मोजकीच घरं हा धंदा करतात, तोही पिढीजात.

अंड्याच्या पिवळ्या बलकाची थाई मिठाई, थाँग यिप आणि फोय थाँग, हीदेखील पोर्तुगीज वळणाचीच. तिचं श्रेय परंपरेनं मारिया गियोमार या सतराव्या शतकातल्या अयुथ्थयाच्या बाईला दिलं जातं. एकटीनं हे सगळं केलं असेल यावर माझा विश्वास नाही, पण तिच्या घराण्याचे धागे गोव्यापर्यंत जातात, हे मात्र आपल्याला ठाऊक असावं.

वस्तीला लागूनच कल्याणमित बौद्ध विहार आहे आणि कुआन यिनचं चिनी देऊळही. पलीकडे बँकॉक याई कालव्याच्या काठी एक मशीद आहे, थाई देवळाच्या घाटाची, घुमटाशिवाय. सगळं पायी होतं.

‘मिनी पोर्तुगाल’ बघायला जाल तर पस्तावाल. तशी कमानींची, रंगीत घरांची रांग इथे नाही. सकाळी जा. पाक ख्लाँगच्या फुलबाजाराच्या बाजूनं नदी ओलांडली की वस्ती जवळच. लाकडी घरातलं बान कुडीचीन संग्रहालय पाहा, खालच्या मजल्यावर कॉफी मिळते. गल्ल्यांत लोक राहतात, तेव्हा आवाज कमी ठेवा, घरांत कॅमेरे घालू नका, आणि केकची पिशवी घेतल्याशिवाय परतू नका.