मळ्यावरील राखणीसाठी कुत्र्याची निवड

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबाग, कांदाचाळ व गोठा सांभाळण्यासाठी पुष्कळ शेतकरी कुटुंबे गावठाणाबाहेर मळ्यातच वस्ती करून राहतात. अशा वस्तीवर बहुधा दोन-तीन कुत्री आधीच असतात. राखणीसाठी त्यांत आणखी एकाची भर घालावयाची झाल्यास जातीचे नाव व किंमत यांकडे प्रथम लक्ष जाते. वस्तुतः नव्या कुत्र्याची निवड घरच्या जुन्या कुत्र्यांकडे पाहून करणे हितावह होय. आपसांत भांडणाऱ्या कुत्र्यांकडून राखण होत नाही.

प्रथम कामाचा विचार करावा. राखणदार कुत्र्याचे काम इशारा देण्याचे आहे, झुंजण्याचे नव्हे. निफाड, सिन्नर व दिंडोरी भागांत बिबट्याचा वावर आहे. शेजारच्या अकोले तालुक्यातील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यात कुत्र्यांचा वाटा वजनाने ३९ टक्के आढळला. उघड्यावर साखळीने बांधलेले कुत्रे, मग ते कोणत्याही जातीचे असो, बिबट्याचे आयते भक्ष्य ठरते. म्हणून कुत्रे आणण्यापूर्वी घराला लागून, वरूनही मजबूत जाळी असलेला बंदिस्त निवारा तयार ठेवावा.

आता जातींविषयी. मुधोळ व तिच्या जवळची कारवान ही कुत्री अंगाने सडपातळ व अतिशय चपळ असतात. परंतु ती मूळची शिकारी. पळते जनावर दिसताच त्यामागे धावणे हा त्यांचा स्वभाव. वस्तीवर कोंबड्या व करडे असल्यास त्यांना लहानपणापासून वळण लावावे लागते. अल्सेशियन लवकर शिकते. मात्र दाट केसांमुळे त्यास चैत्र-वैशाखातील ऊन सोसत नाही. गावठी कुत्रे येथील हवेस सरावलेले, सावध व थोडक्या खर्चात पोसले जाणारे आहे. घरी दोन गावठी कुत्री असतील, तर तिसरे शांत स्वभावाचे गावठी पिल्लूच बहुधा उत्तम जमते.

जातीइतकेच लिंग व वय महत्त्वाचे आहे. एकाच घरातील दोन नरांत किंवा दोन माद्यांत तंटे अधिक होतात. जुना नर असल्यास मादी आणावी, परंतु नको असलेली वीण टाळण्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी. पिल्लू ८ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. एकाच विणीची दोन पिल्ले एकदम आणू नयेत. ती पुष्कळदा माणसापेक्षा एकमेकांकडेच अधिक लक्ष देतात.

नवे कुत्रे पहिले दोन आठवडे वेगळे ठेवावे. पशुवैद्याकडून त्याची तपासणी करून घ्यावी, जंताचे औषध द्यावे आणि लसीकरण सुरू करावे. रेबीजची लस वयाच्या तिसऱ्या महिन्यात देतात. पुढील मात्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने जुन्या कुत्र्यांसह सर्वांना नियमित द्याव्यात. पहिली भेट घराच्या अंगणात न घडविता बांधावर, मोकळ्या जागी घडवावी. प्रत्येकाचे खाण्याचे भांडे निराळे व अंतरावर असावे. जिल्ह्याची दोन प्रमुख पिके, द्राक्षे व कांदा, कुत्र्यास विषारी आहेत. बागेतील गळलेले मणी व उरलेले कांद्याचे कालवण त्यास घालू नये.

कुत्रे विकत घेण्यापूर्वी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन सल्ला घ्यावा. जुन्यांशी मिळूनमिसळून राहणारे एक सावध कुत्रे वस्तीस निर्धास्त झोप देते.